शब्द ऐकू येतात का?
रॉक, भीमगीत आणि गाण्याच्या राजकारणाविषयी काही निरीक्षणे

गाण्याने क्रांती होते असे मानणारे आणि गाण्याने काडीचाही फरक पडत नाही असे मानणारे, दोन्ही प्रकारचे लोक मला धंद्यात भेटले. १९८८ पासून जालन्यात लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा माझा व्यवसाय. कीर्तन, प्रचारसभा, जयंती, उरूस, लग्न, सगळीकडे भोंगे बांधले. शिक्षण बारावीपर्यंत. पुढचे वाचन रद्दीच्या दुकानातून आणि शब्दकोश शेजारी ठेवून झाले. अशाच रद्दीत मला रॉक संगीताच्या इतिहासावरचे एक जुने इंग्रजी पुस्तक सापडले. ते वाचताना सारखे वाटत राहिले, की यातल्या अर्ध्या गोष्टी आपण खांबावर चढून, हातात वायर घेऊन पाहिलेल्या आहेत.

या विषयावर आपल्याकडे दोन ठरीव मते आहेत. एक, रॉक म्हणजे श्रीमंत पोरांचा परदेशी गोंगाट, त्याचा आपल्या चळवळींशी संबंध नाही. दुसरे अलीकडचे, भीमगीत म्हणजे ‘आपला रॉक’. पहिले मत न वाचता बनवलेले आहे. दुसरे कौतुकाचे असले तरी त्यात भीमगीताला मोठेपणासाठी परक्याची पावती लागते असा सूर आहे. मला दोन्ही मान्य नाहीत. तुलना करायची ती गौरवासाठी नव्हे, तर एका प्रश्नासाठी : गाणे नेमके काय बदलते आणि कोणत्या मार्गाने?

मोठा दावा आणि हिशेब

रॉकच्या चाहत्यांचा दावा असा, की या संगीताने व्हिएतनामचे युद्ध थांबवले आणि बर्लिनची भिंत पाडली. हिशेब मांडून पाहू. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला लाखो तरुण जमले. जिमी हेंड्रिक्सने गिटारवर अमेरिकेचे राष्ट्रगीत असे वाजवले, की ऐकणाऱ्यांना त्यात बॉम्बचे आवाज ऐकू आले. त्यानंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९७२ मध्ये, निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकून पुन्हा अध्यक्ष झाला. अमेरिकी फौजा १९७३ मध्ये परतल्या. त्यामागे व्हिएतनामी लोकांची चिवट लढाई होती, सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्धचा संताप होता, पॅरिसचा करार होता. गाणे होते, पण ते अनेक कारणांतले एक.

आपल्या संयुक्त महाराष्ट्राचेही तसेच. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ चे. पुढे या शाहिरांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावेच्या गावे जागी केली. पण राज्य मिळाले ते १०६ हुतात्म्यांच्या रक्ताने, संप-मोर्च्यांनी आणि १९५७ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना बसलेल्या धक्क्यानेही. शाहिराला सगळे श्रेय दिले तर गोळी खाल्लेल्या गिरणी कामगारावर अन्याय होतो. म्हणून मी प्रश्न लहान करतो : भाषण, वर्तमानपत्र आणि मोर्चा यांना जे जमत नाही, असे गाण्याला काय जमते?

ओळखीची चाल

वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. पुढे त्यांनी हजारो गाणी रचली आणि २००४ मध्ये निधन होईपर्यंत गावोगाव फिरून गायली. त्यांच्यावर आणि एकूण भीमगीतांवर साहित्यिक वर्तुळात एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की चाली उसन्या आहेत, सिनेमातल्या आहेत, कव्वालीच्या आहेत.

आक्षेप खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. चाल उसनी असते म्हणूनच गाणे चालते. चाल श्रोत्याच्या कानात आधीच बसलेली असते, त्याला नवे शिकायचे असतात ते फक्त शब्द. ज्या वस्तीत दहांतले आठ निरक्षर, तिथे एका रात्रीत गाणे पाठ होऊन सकाळी खुरपणीला शेतात जाते, ते या सोयीमुळे. अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीने हेच केले. चर्चमधल्या भजनांच्या चाली घेतल्या आणि त्यांत तुरुंग, बस आणि मतदान घातले. रॉकचा सगळा वाडा ज्या ब्लूजवर उभा आहे, त्यातही बारा मात्रागटांचा एकच साचा शेकडो गायकांनी वापरला. साचा कोणाच्याच मालकीचा नव्हता, म्हणून तो सगळ्यांच्या कामाला आला.

जलशानेही जुना साचा घेऊन आतला माल बदलला. सत्यशोधकांनी तमाशाच्या साच्यात समाजसुधारणा आणली. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या काळात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी त्याच साच्यात बाबासाहेबांचा विचार घातला. खुद्द बाबासाहेब आपल्या दहा सभांच्या बरोबरीने जलशाला मोजत, अशी आठवण जुनी माणसे सांगतात. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. सभेला माणूस ऐकायला येतो, जलशातून तो पाठ करून जातो.

वेशीपलीकडे

आता मुख्य मुद्दा, आणि तो माझ्या घरातून सुरू होतो.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. मी आठ वर्षांचा होतो. आमचे घर गावात, वस्ती वेशीबाहेर. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही. त्याचे श्रेय आम्ही मोठी माणसे पुढे कित्येक वर्षे घेत राहिलो. पण घरात त्या विषयावर बोलायला बंदी होती. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली, हे मला शाळेत कुणी सांगितले नाही, घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातून कळले नाही. कळले ते दोन-तीन वर्षांनी, भोंग्यातून.

जयंतीला वस्तीतल्या लिंबावर भोंगा बांधत आणि त्याचे तोंड गावाकडे असे. ते मुद्दाम असावे, हे मला पुढे या धंद्यात आल्यावर कळले. रात्री गायन पार्टी बसली, की वडील दार लावून घ्यायला सांगत. दार लावले तरी शब्द येतच. एका गाण्यात पोचिरामांचे नाव आले, गावाचे नाव आले, कसे मारले ते आले. मी अंथरुणात पडून ऐकत होतो. जी सभा ऐकायला मी कधीच गेलो नसतो, ती माझ्या उशाशी आली होती.

रॉकच्या इतिहासात याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे. १९५१ मध्ये क्लीव्हलँड शहरात अ‍ॅलन फ्रीड नावाचा गोरा निवेदक रात्री रेडिओवर कृष्णवर्णीयांचे संगीत लावू लागला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत शाळा, बस, हॉटेल, नळ, सगळे वेगळे. पण रेडिओच्या लहरींना वेस कळत नव्हती. गोऱ्या घरातली पोरे दिवा मालवून, आवाज बारीक करून ती गाणी ऐकू लागली. १९५५ मध्ये चक बेरीचे पहिले गाणे गाजले ते दोन्हीकडच्या पोरांत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माँटगोमेरीचा बस बहिष्कार सुरू झाला. एकामुळे दुसरे झाले असे मी म्हणत नाही. बहिष्कार घडवला तो मैलोन्‌मैल पायी चालणाऱ्या कृष्णवर्णीय बायामाणसांनी. मला एवढेच दिसते, की भिंतीच्या पलीकडच्या माणसाचा आवाज आपल्या खोलीत आला, तर ‘ती माणसे’ हा शब्द पूर्वीइतका सोपा राहत नाही.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही लिहितो. गाणी ऐकून मी बदललो का? आमच्या घरात वस्तीतल्या गड्यासाठी वेगळा कप होता. गाणी ऐकू लागल्यावरही तो कप दहा-बारा वर्षे दिवळीत राहिला, आणि त्यातून चहा देणारा मीच होतो. चक बेरीवर नाचणारी गोरी पोरे दुसऱ्या दिवशी वेगळ्या शाळेतच जात होती. गाणे आपल्याला माहिती देते, अस्वस्थ करते. कप मात्र हाताने उचलून टाकावा लागतो.

सोळा वर्षांची वही

ठराव झाला १९७८ मध्ये आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मध्ये जवळजवळ सोळा वर्षे. चळवळीचा खरा शत्रू लाठी नसते, विस्मरण असते. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून निघालेला लाँग मार्च आमच्या जिल्ह्याच्या शिवेलगत, बुलढाण्याच्या बाजूला, खडकपूर्णेच्या पुलावर अडवला गेला. ती बातमी आठवडाभराची. गाणे मात्र दर जयंतीला त्या पुलावर पुन्हा उभे राही. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. त्यांचेही नाव असेच गाण्यांनी जपले. ज्यांची नावे सरकारी फायलीत ‘इतर’ म्हणून गेली असती, त्यांची नोंदवही गायकांनी ठेवली.

या काळात साधन बदलले. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज एसटीच्या टपावरून, पानटपरीवरून गावात पोचले. कॅसेटला रेडिओसारखी सरकारची परवानगी लागत नव्हती आणि एकीच्या दहा करता येत होत्या. आजही १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकांच्या आणि गाण्यांच्या दुकानांतून फिरले, की चळवळीची दोन ग्रंथालये शेजारी शेजारी दिसतात, एक वाचायचे आणि एक ऐकायचे.

ज्यांना भोंगाही नव्हता आणि कॅसेटही नव्हती, त्यांच्याकडे जाते होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जमवलेल्या लाखभर ओव्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, आणि आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्या त्यांतल्या ओव्या प्रसिद्ध आहेत. त्याच धाग्यावर आज कडूबाई खरात यांची एकतारी मोबाइलवरून लाखो लोकांपर्यंत गेली. रॉकच्या इतिहासात बाई बहुधा गाण्याचा विषय म्हणून येते, गाणारी म्हणून उशिरा. आपल्याकडे ती आधीपासून गात होती, माइक तिच्याकडे उशिरा आला.

सरकार कशाला घाबरते?

चेकोस्लोव्हाकियात १९६८ मध्ये ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ नावाचा बँड निघाला. त्यांची गाणी घोषणांची नव्हती, विक्षिप्त होती. १९७६ मध्ये सरकारने त्यांना पकडले, खटला चालवला. ती पोरे राजकारणी नव्हती, खटल्याने त्यांना राजकीय केले. वाक्लाव हावेल आणि इतर लेखक, विचारवंत त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यातून जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ ही सनद निघाली. डिसेंबर १९८९ मध्ये हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. या गोष्टीत बँड जितका महत्त्वाचा, तितकेच त्याच्या शेजारी येऊन उभे राहिलेले लेखक महत्त्वाचे.

आपल्याकडची उदाहरणे याशेजारी ठेवली की मन खट्टू होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या खोलीत गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांनी त्यांचा आवाज ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये ठेवला, म्हणून तो पुढच्या पिढीला कळला. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या कलावंतांवर नक्षलवादाचे आरोप झाले. एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाले, तेव्हा शीतल गरोदर होत्या. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये शाहिरावर आरोप आहे तो एका गाण्यामुळे कामगाराने जीव दिल्याचा. सिनेमा कल्पित आहे, पण गाण्यात एवढी ताकद असते असे त्यातल्या सरकारी वकिलाला वाटते आणि आपल्या समीक्षेला वाटत नाही, हा विरोधाभास मला अजून सुटलेला नाही.

२०१६ मध्ये बॉब डिलनला नोबेल मिळाले, तेव्हा गाणे हे साहित्य आहे काय यावर आपल्याकडे चर्चा रंगली. मी वाचलेल्या लेखांत वामनदादांचे नाव मला फार शोधावे लागले.

बेस आणि टॉप

आता धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण माझ्या मते पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे.

पत्र्याचा भोंगा संगीतासाठी वाईट असतो. त्यात ढोलकीचा धुम येत नाही, आवाज नाकातून आल्यासारखा येतो. पण माणसाचे बोलणे ज्या पट्टीत असते, नेमकी तीच पट्टी तो लांब फेकतो. म्हणून रात्री दोन शेते ओलांडून शब्द स्पष्ट ऐकू येतात. आजच्या डीजेची भिंत याच्या उलट. खाली बेसचे डबे, वर टॉप. बेस छातीवर आदळतो, खिडक्यांची तावदाने वाजतात, आणि गाण्यातले शब्द त्याखाली दबून जातात. ताकद हजारो वॉटची, पण दोनशे पावलांवर उभ्या माणसाला गायक काय म्हणतो ते कळत नाही.

हा वादही जुना आहे. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या महोत्सवात डिलनने साधी गिटार ठेवून विजेची गिटार घेतली आणि गोंधळ उडाला. ज्येष्ठ गायक पीट सीगर संतापले. पुढे त्यांनी सांगितले, की राग विजेच्या गिटारीवर नव्हता, शब्द ऐकू येत नव्हते याचा होता. सीगरना जुनाट ठरवून अनेकांनी हसून घेतले. मी साउंडवाला असल्याने मला त्यांची तक्रार पहिल्या वाचनातच पटली.

शब्द दबले, की गाणे कोणाच्याही कामाला येते. १९८४ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने व्हिएतनामहून परतलेल्या बेकार सैनिकाच्या कडवटपणावर गाणे केले. ध्रुवपद दणदणीत होते, कडवी कुणी ऐकली नाहीत. निवडणुकीच्या धामधुमीत रेगन यांनी त्याच गायकाचे नाव आपल्या भाषणात घेतले. आपल्याकडे निवडणूक लागली की माझ्याकडे कार्यकर्ते पेन ड्राइव्ह घेऊन येतात. चाल भीमगीताची, नाव उमेदवाराचे. ओळखीच्या चालीची जी सोय मी वर वाखाणली, तिचीच ही दुसरी बाजू. साचा कोणाच्याच मालकीचा नसतो, म्हणून तो त्यांच्याही कामाला येतो.

आमच्याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ रोजी लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचे आंदोलन राज्यभर पेटले. त्यानंतर मोबाइलवर गाण्यांचा पूर आला. मी त्यांतली बरीच ऐकली. ताल जबरदस्त, नेत्याचे नाव पुन्हा पुन्हा. पण ज्या कारणाने ते पोर रस्त्यावर आले, ते पडलेले भाव, वाटण्या होत होत दोन एकरांवर आलेली जमीन, फी भरून न मिळालेली नोकरी, हे थोड्याच गाण्यांत सापडले. जयंतीच्या नव्या गाण्यांतही हेच होते आहे, मूर्ती मोठी आणि मजकूर लहान. हे मी कोणा एका समाजाविषयी लिहीत नाही. बेसचा डबा जात पाहत नाही.

पोरांना दोष देणेही सोपे आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद झाले. नियम गरजेचा आहे, आजारी माणसाला झोप हवी. पण पहाटेपर्यंत चालणारे गायन पार्ट्यांचे सामने, ज्यात एकाने प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचे, ते या नियमाने अर्ध्यावर आले. वाद घालायला रात्र लागते. दोन तासांत मिरवणूकच होते.

शब्द मेलेला नाही, हेही खरे. संभाजी भगतांचा आवाज अजून टोचतो. मुंबईच्या ‘स्वदेसी’ गटाने प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारली माणसाचा आणि आरेच्या जंगलाचा प्रश्न रॅपमध्ये आणला. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभे राहिले, त्यात गाना हे तिथल्या वस्त्यांचे गाणे आणि रॉक एकत्र आले. तिथे गिटारही मोठी आणि शब्दही मोठा. म्हणजे दोष विजेचा नाही. मिक्सरवर कोणाचे बटण वर ठेवायचे, हे ठरवणाऱ्या बोटाचा आहे, आणि त्यात तीस वर्षे माझेही बोट होते.

रद्दी

माझ्या मापात गाण्याची राजकीय ताकद तीन गोष्टींत बसते. ते निरक्षराला पाठ होते. ते वेशीपलीकडे जाते. ते नावे विसरू देत नाही. या तिन्ही गोष्टींना शब्द ऐकू यावे लागतात. रॉकने जिथे खरेच काही हलवले, तिथे या तिन्हींपैकी काहीतरी होते. जिथे नुसता आवाज होता, तिथे गर्दी घरी गेली आणि निक्सन निवडून आला.

गेल्या वर्षी मंठा रस्त्यावरच्या एका रद्दीवाल्याकडे मला एका गायकाची वही मिळाली. मी त्यांना ओळखत होतो, त्यांच्या कार्यक्रमाला अनेकदा माइक लावला होता. ते गेल्यावर घरच्यांनी जागा रिकामी केली. दोनशे पानी वही, प्रत्येक गाण्यावर तारीख, गावाचे नाव आणि कोणत्या चालीवर गायचे त्याची खूण. १९८१ च्या एका पानावर आमच्या गावाचे नाव आहे. म्हणजे त्या रात्री अंथरुणात ऐकलेला आवाज बहुधा यांचाच.

अशा सात वह्या आता माझ्याकडे आहेत. त्या मी टाइप करतो आहे. जालना, परभणी, बुलढाणा भागातल्या वाचकांना विनंती, की दिवाळीची साफसफाई करताना कपाटावर, माळ्यावर अशी एखादी वही किंवा हाताने नाव लिहिलेली कॅसेट निघाली, तर तराजूत टाकण्याआधी एकदा उघडून पाहा.